मालक नसलेल्या नोकराचा हिशेब

परदेशात काम मिळाले की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. ते योग्यच आहे. ज्या घरात पहिली पदवी येऊन अजून एक पिढीही उलटलेली नाही, त्या घरातील मुलगा वा मुलगी विमानाने लंडनला जाते, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हल्ली तिकडून जो कागद येतो तो दरवेळी नोकरीच्या नेमणुकीचा नसतो. पुष्कळदा तो कंत्राटाचा असतो. संगणकाचे काम असो, इमारतीचे आराखडे असोत, भाषांतर असो की शिकवणी असो, कंपनी म्हणते, "तुम्ही आमचे नोकर नाही, तुम्ही स्वतंत्र आहात. काम करा, बिल पाठवा, पैसे घ्या." हा 'स्वतंत्र' शब्द ऐकायला गोड आहे. पण त्याचा अर्थ काय, तो कोणाच्या सोयीचा आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार सही करण्यापूर्वी झाला पाहिजे. सही झाल्यावर तो विचार आपल्यासाठी दुसरेच लोक करतात, आणि ते करखात्याचे किंवा व्हिसाखात्याचे अधिकारी असतात.

उदाहरण म्हणून आपण ब्रिटनच घेऊ. तिथे आपल्या माणसांची ये-जा जुनी आहे आणि स्वतंत्र कंत्राटदाराचे बरे-वाईट सर्व काही तिथे घडून गेले आहे.

दर मोठा, पण दिवस किती?

समजा, लंडनमधील एका कामाला दिवसाला ३०० पौंड दर मिळाला. आपला तरुण लगेच गुणाकार करतो. आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे २६० दिवस, म्हणजे ७८,००० पौंड! गावाकडे तर हा आकडा रुपयांत सांगितला जातो. पण हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ नोकराला कायद्याने वर्षाला किमान २८ दिवसांची पगारी रजा मिळते. कंत्राटदाराला एकही मिळत नाही. तो घरी बसला की दर शून्य. २८ दिवस रजेचे, १० दिवस आजारपणाचे आणि एक कंत्राट संपून दुसरे मिळेपर्यंतचे २० दिवस वजा केले तर २०२ दिवस उरतात. कमाई झाली ६०,६०० पौंड. ७८ हजारांतले १७,४०० पौंड असे कागदावरच विरून गेले.

आता यावरचा कर पाहू. हा तरुण स्वतःच्याच नावाने व्यवसाय करतो आणि खर्चाची वजावट काही नाही असे धरले, तर इंग्लंडमध्ये २०२५-२६ या करवर्षाच्या दराने पहिले १२,५७० पौंड करमुक्त आहेत. त्यापुढे ५०,२७० पर्यंत २० टक्के आणि त्यावर ४० टक्के आयकर लागतो. शिवाय स्वयंरोजगारावरील राष्ट्रीय विम्याची वर्गणी याच दोन टप्प्यांवर ६ आणि २ टक्के असते. आयकर ११,६७२ पौंड आणि विमा सुमारे २,४६९ पौंड, मिळून १४,१४१ पौंड. नोकराच्या पगारातून मालक हा कर दरमहा कापून भरतो. कंत्राटदाराच्या खात्यात मात्र पूर्ण पैसे जमा होतात आणि तिथेच फसगत होते. ते सगळे पैसे आपले नसतात. त्यांतले जवळपास चौथा हिस्सा सरकारचे असतात, ते फक्त आपल्या खात्यात मुक्कामाला आलेले असतात.

त्यातही एक खाचखळगा आहे. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपते. ५ एप्रिल २०२६ ला संपलेल्या वर्षाचा कर ३१ जानेवारी २०२७ पर्यंत भरायचा असतो. पण पहिल्याच वर्षी त्या तारखेला केवळ मागचा कर भरून सुटका नाही. त्याच रकमेचा निम्मा भाग पुढच्या वर्षासाठी आगाऊ भरावा लागतो. म्हणजे १४,१४१ अधिक ७,०७०, असे २१ हजारांहून अधिक पौंड एकाच दिवशी! पुन्हा ३१ जुलैला आणखी निम्मा हप्ता. ज्याने मधल्या काळात घरी पैसे पाठवले, बहिणीचे लग्न केले, बापाच्या नावाने घर बांधायला काढले, त्याच्या हाती तेव्हा काय असते? म्हणून पहिला नियम असा की, प्रत्येक बिलाचे पैसे जमा होताच त्याचा तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा आणि त्याला हात लावू नये.

नोकर की कंत्राटदार, हे ठरवणार कोण?

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. ज्याला एकाच कंपनीत रोज ठरलेल्या वेळी जावे लागते, ज्याचे काम दुसरा सांगतो, ज्याला आपल्या जागी दुसरा माणूस पाठवता येत नाही, तो खरोखर स्वतंत्र आहे काय? की तो नोकरच आहे, फक्त नोकराचे हक्क काढून घेतलेला? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचे तास आणि पगारी रजा हे प्रश्न त्यांनी कायद्याच्या मार्गाने हाताळले. कामगाराला रजा ही मालकाच्या मेहेरबानीने मिळू नये, ती हक्काने मिळावी, हे त्यामागचे तत्त्व होते. आज नुसते करारातले एक नाव बदलून तो हक्क नाहीसा करता येतो, आणि सही करणाऱ्याला वाटते की आपली बढती झाली.

ब्रिटिश सरकारलाही हा प्रश्न पडला, पण कामगाराच्या हक्कासाठी नव्हे, कराच्या वसुलीसाठी. कंत्राटदार स्वतःची छोटी लिमिटेड कंपनी काढत, पगार थोडा आणि बाकीचा लाभांश म्हणून घेत आणि त्यामुळे कर कमी पडे. हे रोखण्यासाठी १९९९ च्या मार्चमध्ये नियम जाहीर झाला आणि एप्रिल २००० पासून लागू झाला. ज्या पत्रकातून तो जाहीर झाला त्याच्या क्रमांकावरून लोक त्याला 'आयआर-३५' म्हणतात. मधली कंपनी बाजूला सारून पाहिले असता माणूस नोकरासारखाच दिसत असेल, तर त्याने नोकरासारखाच कर भरावा, असा हा नियम आहे. हे ठरवण्याची जबाबदारी आधी कंत्राटदारावर होती. सरकारी कामांत ती २०१७ पासून आणि खाजगी क्षेत्रातील मोठ्या व मध्यम कंपन्यांत एप्रिल २०२१ पासून काम देणाऱ्यावर टाकण्यात आली. परिणाम काय झाला? अनेक कंपन्यांनी धोका नको म्हणून कंत्राटदारांना 'अंब्रेला' कंपन्यांच्या पगारपत्रकावर ढकलले. अशा वेळी सांगितलेल्या दरातूनच मालकाने भरायची विमा-वर्गणीही वजा होते आणि मधल्या कंपनीचे शुल्कही. कराराच्या कागदावरचा दर आणि हातात पडणारी रक्कम यांत म्हणूनच मोठे अंतर असते. तेव्हा दर ऐकून हुरळून जाण्याआधी विचारावे की, हा दर कोणाच्या वजावटीच्या आधीचा आहे? उत्तर लेखी घ्यावे.

याच गर्दीत काही मध्यस्थ पुढे आले. "आमच्याकडून पैसे घ्या, तुमच्या हातात ८०-९० टक्के पडतील," असे ते सांगत. युक्ती अशी की पगार अगदी थोडा दाखवायचा आणि उरलेली रक्कम एखाद्या न्यासामार्फत 'कर्ज' म्हणून द्यायची, जे कधीच फेडायचे नसते. कर्जावर आयकर नाही ना! ब्रिटिश सरकारने २०१७ च्या कायद्याने या थकीत 'कर्जांवर' ५ एप्रिल २०१९ ला एकत्र कर लावला. आधी तो १९९९ पर्यंत मागे जाणार होता. मोठा गदारोळ झाल्यावर, चौकशीनंतर तो ९ डिसेंबर २०१० व त्यानंतरच्या कर्जांपुरता ठेवला गेला. पण बिल आले कोणाच्या घरी? योजना विकून शुल्क खाणाऱ्यांच्या नव्हे, सही करणाऱ्या कंत्राटदारांच्या. यातून शिकायचे ते एवढेच की, जिथे कर जवळजवळ लागतच नाही असे कोणी सांगतो, तिथे तो आज लागत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो.

दोन खात्यांना दोन आकडे

आता सर्वांत दुःखद प्रकरणाकडे येऊ. ब्रिटनने २००२ साली उच्चकुशल परदेशी लोकांसाठी एक मार्ग खुला केला. २००८ मध्ये त्याचे रूपांतर 'टियर-१ जनरल' या व्हिसात झाले. यात मालकाची गरज नव्हती. शिक्षण, वय, कमाई यांचे गुण मिळवायचे आणि नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करायचा. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया येथील हजारो अभियंते, डॉक्टर, संगणकतज्ज्ञ या मार्गाने गेले. पुढे २०१०-११ मध्ये हा मार्ग नव्या अर्जदारांना बंद झाला. जे आत होते त्यांना पाच वर्षांनंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येत होता आणि त्याची अखेरची मुदत एप्रिल २०१८ होती.

अर्ज आले तेव्हा गृहखात्याने करखात्याकडील आकडे मागवले. अर्जदाराने व्हिसासाठी जी कमाई दाखवली होती आणि करखात्याला जी कळवली होती, त्यांची तुलना झाली. जिथे तफावत दिसली, तिथे परिच्छेद ३२२(५) खाली अर्ज नाकारले गेले. हा परिच्छेद कशासाठी होता? ज्याचे वर्तन, चारित्र्य किंवा राष्ट्रीय सुरक्षेला असलेला धोका पाहता त्याला देशात राहू देणे अनिष्ट आहे, अशा माणसासाठी! दहा-दहा वर्षे कर भरणारा माणूस त्या रांगेत उभा केला गेला. नकारासोबत काम करण्याचा हक्क गेला, घर भाड्याने घेण्याचा हक्क गेला, तिथेच जन्मलेल्या मुलांच्या शाळेचे काय हा प्रश्न उभा राहिला. २०१८ मध्ये हे लोक पार्लमेंटसमोर निदर्शनांना उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गृहखात्याने स्वतःचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात असे नकार दीड हजाराहून अधिक होते आणि बहुतेकांत तफावत दहा हजार पौंडांहून मोठी होती, असे खात्याचे म्हणणे होते.

गुण मिळवण्यासाठी कमाई फुगवणारे त्यात कोणीच नव्हते, असे म्हणता येणार नाही. परंतु तफावतीची प्रामाणिक कारणेही होती. व्हिसासाठी अर्जाआधीच्या सलग बारा महिन्यांची कमाई मोजली जाई, करखाते मात्र एप्रिल ते एप्रिल मोजते. एका ठिकाणी कंपनीचा लाभांश धरला जाई, दुसरीकडे तो वेगळ्या रकान्यात जाई. कोणाचा हिशेबनीस चुकला, कोणी स्वतः रिटर्न भरताना गोंधळला आणि नंतर चूक लक्षात आल्यावर दुरुस्तीही करून कर भरला. त्या दुरुस्तीलाच मग लबाडीचा पुरावा मानले गेले. एप्रिल २०१९ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, नुसती तफावत, निष्काळजीपणा किंवा अज्ञान पुरेसे नाही. अप्रामाणिकपणा होता असा निष्कर्ष हवा, आणि तो काढण्याआधी संशय काय आहे हे त्या माणसाला सांगून उत्तर देण्याची संधी दिली पाहिजे. आरोपीला आरोप कळला पाहिजे, हे साधे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व! ते मिळवायला लोकांना वर्षे आणि आयुष्यभराची बचत घालवावी लागली.

हा मार्ग आता बंद आहे. पण त्यातला धडा जुना झालेला नाही. राज्यसंस्था कंत्राटदाराकडे कर मागताना त्याला 'कंपनी' समजते आणि व्हिसा देताना 'संशयित'. दोन्ही खात्यांना सांगितलेला आकडा एकच असला पाहिजे, आणि तो वेगळा असेल तर का वेगळा आहे याचा कागद त्याच दिवशी तयार करून ठेवला पाहिजे. बिले, बँकेचे उतारे, करार, खर्चाच्या पावत्या, ही सारी कागदपत्रे ब्रिटिश करखात्याच्या नियमाने रिटर्नच्या ३१ जानेवारीच्या मुदतीनंतर पाच वर्षे ठेवावीच लागतात. कायम वास्तव्य मिळवायचे असेल तर ती त्याहून अधिक काळ जपावीत.

विद्यार्थ्यांनी विशेष जपावे

शिष्यवृत्तीवर किंवा कर्ज काढून शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी येथे एक इशारा आवश्यक आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नाही. विद्यापीठाच्या सत्रात पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते, पण फ्रीलान्स बिल पाठवता येत नाही. दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर घरोघरी जेवण पोचवण्याचे काम करणे हाही व्हिसाचा भंगच होय. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या 'ग्रॅज्युएट' व्हिसावर मात्र स्वयंरोजगार चालतो. हा व्हिसा २०२१ पासून दोन वर्षांचा, पीएच.डी. झालेल्यांना तीन वर्षांचा, असा सुरू झाला. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पीएच.डी. नसलेल्यांसाठी तो १८ महिन्यांचा करण्याचे जाहीर झाले आहे. पुढचा 'स्किल्ड वर्कर' व्हिसा तर मालकाच्या प्रायोजकत्वावरच मिळतो. म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून राहण्याची मुदत थोडी आहे, आणि त्या थोड्या मुदतीतील कागद पुढे वर्षानुवर्षे तपासले जाऊ शकतात.

मायदेशाचा हिशेब

अनेकांना वाटते की देश सोडला म्हणजे भारताच्या आयकराशी संबंध संपला. तसे नाही. भारताचे करवर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नोकरी-व्यवसायासाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षी भारतात १८२ दिवस किंवा अधिक राहिला तर तो 'निवासी' ठरतो आणि त्याची जगभरची कमाई भारतात करपात्र होते. २८ सप्टेंबरला किंवा त्याआधी देश सोडला तर भारतातले दिवस १८१ च्या आत राहतात. १५ नोव्हेंबरला सोडला तर ते २२९ होतात. केवळ तिकिटाच्या तारखेने एवढा फरक पडतो. परदेशी 'रोजगार' या शब्दात स्वतःचा व्यवसायही येतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०११ साली १९६१ च्या आयकर कायद्याखाली म्हटले आहे. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने घेतली आहे, म्हणून जाण्याआधी चालू तरतूद एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावी.

दोन्ही देशांत कर लागला तर काय? भारत आणि ब्रिटन यांच्यात १९९३ चा दुहेरी करटाळणी करार आहे. निवासी भारतीयाने ब्रिटनमध्ये भरलेल्या कराची वजावट भारतातील करातून मिळते. पण ती आपोआप मिळत नाही. ठरावीक नमुन्यात, परदेशात कर भरल्याच्या पुराव्यासह मागावी लागते. देश सोडल्यावर भारतातील साधे बचत खाते 'एनआरओ' करून घ्यावे लागते, ही गोष्टही पुष्कळांना कळत नाही.

परत येतानाचे नियम वेगळे आहेत. दीर्घकाळ बाहेर राहून आलेल्याला काही काळ 'निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला' हा दर्जा मिळतो आणि तोवर परदेशातील बहुतेक उत्पन्नावर येथे कर नसतो. तो काळ संपला की परदेशातील बँक खाते, कंपनीतील हिस्सा, सारे काही रिटर्नमध्ये जाहीर करावे लागते. न केल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. लंडनमध्ये विसरून राहिलेली एक बंद पडलेली छोटी कंपनी इकडे असा त्रास देऊ शकते. आणि तिकडे भरलेल्या विमा-वर्गणीचे काय? ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन थोडे जरी मिळायचे असेल तरी किमान दहा पात्र वर्षे लागतात. चार-पाच वर्षांत परतणाऱ्याने म्हातारपणाची सोय स्वतःच पहिल्या दिवसापासून करावी.

वहीखाते हा वारसा नव्हता, तो आता घडवू

हे सारे वाचून कोणी म्हणेल, एवढी कटकट असेल तर जायचेच कशाला? असे मुळीच नाही. जावे, अवश्य जावे. पण एक गोष्ट स्पष्ट ओळखावी. व्यापारी घरातील मुलाला जमाखर्च आईच्या दुधासोबत मिळतो. त्याचा काका सी.ए. असतो, मामा वकील असतो, चूक होण्याआधीच कोणीतरी त्याला फोनवर सावध करते. आपल्या मुलाच्या हाती पदवी आहे, बुद्धी आहे, मेहनत आहे, पण असा काका नाही. जमीन, व्यापार, वहीखाते यांपासून पिढ्यान् पिढ्या दूर ठेवल्याचा हा परिणाम आहे. त्यामुळे इतरांना जी चूक काही पौंडांत पडते, ती आपल्याला संपूर्ण भविष्यात पडते.

हा काका समाजाने मिळून उभा केला पाहिजे. आपल्यात आता करसल्लागार आहेत, सी.ए. आहेत, परदेशात स्थिरावलेले लोक आहेत. जयंतीच्या कार्यक्रमात परदेशी जाणाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. त्याच मंडपात दुसऱ्या दिवशी दोन तासांचे शिबिर का होऊ नये? कंत्राट कसे वाचावे, कर कसा बाजूला ठेवावा, व्हिसा काय करू देतो आणि काय नाही, दोन देशांचे दिवस कसे मोजावेत, एवढे चार विषय पुरेत. प्रत्येक जिल्ह्यात असे एक शिबिर झाले तरी कित्येक कुटुंबे उद्याच्या संकटातून वाचतील.

ज्याला मालक नाही, त्याच्या डोक्यावर छत्रीही नाही. त्याचे छत्र म्हणजे त्याचे कागद. ते नीट, खरे आणि एकसारखे ठेवायला शिकणे हाही आपल्या शिक्षणाचाच भाग आहे.